कडा मऊ हव्यात

६ ऑक्टो.
यांचं बीपी? आटोक्यात. सुनेचा, रुचीचा, खोकला? ओसरला. मुलाची, निखिलची कंबर? मंडीदीपच्या कारखान्यातल्या शिफ्टला दुखते, रविवारी दुखत नाही. माझा गुडघा? ऑपरेशन झाल्यापासून तो सगळ्या घराच्या मालकीचा झालाय. बरा आहे. डॉक्टर समुद्रात जायला हो म्हणाले.
पुढच्या महिन्यात विशाखापट्टणम. यांची नोकरी तिथे होती तेव्हा कोळ्यांची पोरं बघून बघून लाटेवर उभी राहायला शिकले. इतक्या वर्षांनी परत. लाटेवर चालवायचा बोर्ड, सर्फबोर्ड, तेवढा नवा हवा.

८ ऑक्टो.
हात कणकेत, म्हणून तिथल्या बोर्डवाल्या अप्पारावांना धाडायचा मजकूर रुचीला सांगितला. लांब, रुंद, जाड, जरा वजनदार. वाऱ्यानं पाणी उकळत्या आमटीसारखं असतं, हलका बोर्ड त्यावर तव्यावरच्या थेंबासारखा नाचतो. आणि कडा मऊ. म्हणजे गोलसर, तोल चुकला तरी पाण्यात रुतत नाहीत. पोरीनं भराभर हिंदीत टाइप केलं.

११ ऑक्टो.
अप्पारावांचं उत्तर. आपल्या वयाला साजेसा मऊ, फोमचा बोर्ड काढून ठेवलाय, लवकरच पाठवतो.
डोकंच फिरलं. फोमचा शिकाऊंना. खवळलेल्या पाण्यात गादीसारखा वाकतो. आणि वय कुणी कळवलं अप्पारावांना?
रुची रडवेली. तिचं माहेर हिंदी, 'कडा' तिला ऐकू आला कड़ा, म्हणजे कठीण. "कड़ा भी और नरम भी, मम्मीजी? मुझे लगा बीच में आटे की बात आ गई." हसू आलं, दाबलं. तिच्यावर राग नाही. अडली म्हणून तिनं निखिलला फोन केला होता. त्यानं सांगितलं, नरम लिख दे, मम्मी की उमर भी लिख दे.

१२ ऑक्टो.
निखिलला वाढलं, बोलले नाही. हे म्हणाले, समुद्र लांब, भरती आपल्या स्वयंपाकघरात. यांनाही पोळी करपलेलीच मिळाली.
जेवून निखिल ओट्यापाशी आला. म्हणाला, "कडा म्हणजे काय ते मला माहीत होतं, आई."
म्हणजे चूक नव्हती. जाणूनबुजून.
"फोमचा डोक्यात बसला तरी कमी लागतं. दवाखान्यात रात्रभर बाहेर मी बसलो होतो."
बसला होता, खरंय. पण राग गेला नाही, उलट वाढला. म्हटलं, "भीती वाटते तर मला सांग, भांड माझ्याशी. माझ्या तोंडचा शब्द बदलून परक्या माणसाला कसा धाडलास?"
डबा न घेता शिफ्टला गेला. दिवसभर तो डबा बघून माझाही घास उतरला नाही. मेला हट्टी. माझ्यावरच गेलाय.

१३ ऑक्टो.
आज मीच हिंदीत टाइप केलं. चष्मा लावून, एकेक अक्षर. इथे मराठीत उतरवून ठेवते.
'अप्पारावजी, मऊ बोर्ड नको. फायबरचा हवा, लांब, जाड, फक्त किनारी गोल. फोमचा निघाला नसेल तर थांबवा. निघाला असेल तर तसं स्पष्ट सांगा. माझ्या मुलाचा फोन येईल. त्याच्याशी नीट बोला, काळजीनं करतोय, पण त्याच्या सांगण्यावरून बोर्ड मात्र ठरवू नका. उत्तर लवकर धाडा, आणि माझ्याच नंबरवर.'