आरतीचं वाक्य

चि. स्नेहलता,

काल माझी कादंबरी वाचून तुझा फोन आला, म्हणून लिहायला बसलो आहे. हे पत्र पोस्टात टाकायची हिंमत होईल असं वाटत नाही.

छापण्याआधी संपादक भार्गवीताईंनी विचारलं होतं, "सर, पाचव्या प्रकरणात बहीण मेहकरच्या स्टँडवर आपल्या मार्कलिस्टसाठी थांबली आहे आणि ती आणणाऱ्या भावाची एसटी दुपारभर डोणगावला बंद पडली आहे. मग नवव्या प्रकरणात त्याला त्याच दिवशीची बालाजीच्या देवळातली दुपारची आरती कशी आठवते?"

"नजरचूक," मी म्हणालो.

एसटी बंद पडलीच नव्हती, स्नेहा. मी साडेअकरालाच मेहकरात, स्टँडच्या अलीकडे उतरलो होतो. तुझा डी.एड.ला नंबर लागला होता, बुलढाण्याला प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, आणि मी दुसऱ्यांदा बारावी नापास झालो होतो. तुझी मार्कलिस्ट मांडीवर घेऊन मी चार वाजेपर्यंत देवळात बसून राहिलो.

भार्गवीताईंना पाचवं प्रकरण खरं लिहून देता आलं असतं. मी नवव्यातलं आरतीचं वाक्य तेवढं खोडलं. आता सगळं जुळतं, असं त्यांनी कळवलं.

काल तू म्हणालीस, "दादा, इतकी वर्षं काऊन मनाले लावून घेतलं? बंद पडली गाडी, तू काय करशील? तू त धावत आला होता, मले आठवते."

मी "हाव" म्हणालो.

धावलो होतो खरा. पण स्टँड दिसायला लागल्यावर.

तुझा,
लक्ष्मीकांत