शेवटचा भाग अजून यायचाय

४ मार्च
आजपासून रोजनिशी. घरात माझं कोणी ऐकत नाही, निदान वही तरी मध्ये बोलणार नाही.

बाबांचं डायलिसिस सुरू होऊन तीन आठवडे झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास मशीनवर. घरी आले की भिंतीकडे बघत बसतात. ठरवलं, भिंतीऐवजी टीव्हीकडे बघतील. सिरीज शोधून ठेवली. आठ भाग, एक खून, एक तळं, भरपूर धुकं. लोकांनी खाली लिहिलंय, 'फारच संथ'. म्हणजे दर्जेदार असणार.

बाबांना विचारलं, बघायची का? म्हणाले, बघू. उत्साह आहे.

६ मार्च
पहिला भाग. तळ्याकाठी शाळामास्तर मेलेला सापडतो. इन्स्पेक्टर बाई येते आणि तळ्याकडे बघते. चार मिनिटं नुसती बघते, मी घड्याळ लावून मोजली. कोणी चकार शब्द बोलत नाही. काय ताकद आहे!

बायको इस्त्रीचे कपडे घेऊन जाता जाता विचारून गेली, टीव्ही हँग झालाय का.

खुनी मला कळला. होडीवाला. बाबांना सांगितलं नाही, त्यांची मजा जाईल.

९ मार्च
विचार केला, आपल्याला हे इतकं का आवडतंय? उत्तर ऑफिसमध्ये फायली लावताना सापडलं. एक साधा मास्तर मरतो आणि अख्खं गाव आठ तास दुसरं काही करत नाही. तो सकाळी काय खाऊन निघाला, कोणाशी काय बोलला, बुटाची नाडी का सुटली होती, सगळं सगळं विचारतात. कोणी असं म्हणत नाही की, चालायचंच, वय झालं होतं. आमचे मोठे डॉक्टर एका पेशंटला चार मिनिटं देतात. तेवढ्यात बाईचं नुसतं तळं बघून होतं. आणि तिथे कोणीतरी जबाबदार असतो. नाव, पत्ता, बेड्या. मला फार बरं वाटतं ते बघून.

१५ मार्च, संध्याकाळी ७
दुसरा भाग संपला आणि बाबांनी विचारलं, पुढे काय होणार? (त्यांचे शब्द 'झालं का?' असे होते, पण भाव तोच.) एकदम डोक्यात प्रकाश पडला. पुढचं कळायचं बाकी असेल तर माणूस जातो कशाला? उत्सुकता हेच औषध. डॉक्टरांना हे सुचत नाही, कारण ते रात्रंदिवस रिपोर्ट बघतात, सिरीज बघत नाहीत.

ठराव : मशीन नसलेल्या दिवशी फक्त दहा मिनिटं. बाबांना पाणी जसं दिवसाला तीन कप मोजून मिळतं, तसाच खूनही मोजून.

बायको म्हणाली, जेवणाआधी द्यायचा की जेवणानंतर? तिने आठही भाग दोन दिवसांत इस्त्री करता करता उरकलेत. संथ सिरीज अशी बघणं म्हणजे पाप आहे. तिला बजावलं, शेवट सांगायचा नाही. म्हणाली, तुम्हाला कोणी काही सांगू शकलंय का आजवर?

२६ मार्च
इन्स्पेक्टर बाईंची पद्धत कामावर वापरून पाहिली. बाई प्रश्न विचारत नाही, नुसती बघत राहते, मग समोरचा आपणहून बोलतो. मी लिफ्ट इन्स्पेक्टर आहे, म्हणजे अर्धा तपास माझ्या रक्तातच. नऊमजली इमारतीत गेलो. तिथल्या सेक्रेटरीने विचारलं, ब्रेक ठीक आहे ना? मी काही बोललो नाही. लिफ्टकडे बघत राहिलो. मग त्यांच्याकडे बघत राहिलो. सहाव्या मिनिटाला त्यांनी खुर्ची आणि पाणी आणलं. आठव्या मिनिटाला माझ्या ऑफिसला फोन केला की तुमच्या माणसाला बरं नाहीये.

साहेबांनी बोलावून विचारलं. त्यांच्याकडेही बघत राहिलो. साहेबांनी एक दिवसाची रजा दिली. पद्धत काम करते.

८ एप्रिल
चौथा भाग. होडीवाला नाही, मास्तरचा मेव्हणा! गोड बोलतो, येताना हातात काहीतरी घेऊन येतो, सगळ्यांना आवडतो. हुबेहूब आमचे भाऊजी.

रविवारी ताई आणि भाऊजी आले होते. भाऊजींनी न सांगता बाबांच्या पाठीमागची उशी सारखी केली. नोंद घेतली.

२० एप्रिल
आपण सिरीज बघतो, पण आपल्याच घरातल्या केसचं काय? बाबांच्या किडन्या आपोआप गेल्या का? मोठे डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते, वय, बीपी, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या. 'वर्षानुवर्षं' हा शब्द बाकी सगळ्यांनी कानाआड केला, मी पकडला. कोणीतरी त्या गोळ्या दिल्या.

तपास उद्यापासून. संशयित : जुने फॅमिली डॉक्टर, आणि (मन घट्ट करून लिहितो) भाऊजी.

२२ एप्रिल
जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. नुसता बघत बसलो. त्यांनी माझं बीपी मोजलं. शेवटी तोंड उघडावं लागलं. त्यांनी बाबांची जुनी फाईल काढून पुढे केली. अकरा वर्षांपूर्वी गोळ्या लिहिल्यात, फक्त दहा दिवसांसाठी. खाली लाल शाईत लिहिलंय, नंतर बंद कराव्यात.

चला, एक संशयित सुटला. सिरीजमध्येही पहिला सुटतोच.

२४ एप्रिल
भाऊजींना फोन. आडून आडून विचारलं. म्हणाले, मी कशाला आणीन गोळ्या? मी तर बाबांना दोनदा म्हटलं होतं, एकदा रक्त तपासून घ्या. इतका चांगुलपणा नैसर्गिक वाटत नाही. फास आवळत आणतोय.

२७ एप्रिल, दुपार
थेट औषधाच्या दुकानात गेलो. तिथे सगळं कळणार होतं. काउंटरवर उभा राहिलो, अजून काही विचारलंही नव्हतं. दुकानदाराने मला पाहिलं, हसला, मागे वळून न बघता फळीवरून दोन पाकिटं काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, बऱ्याच दिवसांत आला नाहीत साहेब, बाबांचे गुडघे दुखायचे थांबले वाटतं?

तपास तूर्त स्थगित. घरात बरीच कामं पडलीयेत.

२८ एप्रिल
आज विशेष काही नाही. बाथरूमचा नळ बदलला. टीव्ही लावला नाही, बाबा दमले होते. बाबांनी विचारलं, तू दमलायस का?

११ मे
मात्रा पाच मिनिटांवर आणली. आणि नवीन फायदा लक्षात आला. बाबा तिसऱ्या मिनिटाला झोपतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मागे नेऊन तेच पुन्हा दाखवावं लागतं. या हिशेबाने पाचवा भाग जूनअखेरपर्यंत पुरतो आणि सिरीज ऑक्टोबरपर्यंत. तक्ता करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला.

बायकोने तक्ता पाहिला. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता कौतुक करेल. म्हणाली, बाबांशी जरा बोला. म्हटलं, बोलतो की रोज, सिरीजच्या आधी.

१९ मे
इन्स्पेक्टर बाई गाडीत बसून सँडविच खाते, तो प्रसंग चालू होता. तेवढ्यात बाबा म्हणाले, मशीन आता पुरे झालं मला. म्हटलं, बाबा, हा सीन महत्त्वाचा आहे, संपू दे, मग बोलू. बाबा थांबले. सीन लांबला. संपला तेव्हा ते झोपले होते.

त्यांना उठवणं बरं दिसलं नसतं.

२ जून
आज बाबा मध्येच म्हणाले, अरे, त्या गोळ्यांचं तू मनाला... आणि चुकून माझ्याकडून रिमोटचं बटण दाबलं गेलं. आवाज एकदम वाढला. शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारली, तिकडे माफी मागायला जावं लागलं. परत येईपर्यंत विषय निघून गेला होता.

रिमोट बदलायला झालाय. बटणं फार हलकी झालीयेत.

७ जून
अनर्थ. मी बाजारात गेलो होतो. ताई येऊन बाबांजवळ बसली आणि तिने एका बैठकीत अडीच भाग दाखवून टाकले! म्हणे, दोघं गप्पा मारत होतो, टीव्ही आपला चालू होता. गप्पा! अडीच भागांवर! माझा ऑक्टोबर एका दुपारीत गेला. उरला फक्त शेवटचा भाग. ताईला म्हटलं, तुला कल्पना आहे का तू काय केलंस? ताई रडायला लागली. बायका टीव्हीच्या बाबतीत फार हळव्या असतात.

९ जून
सुचलं! बाबांना सांगितलं, शेवटचा भाग अजून आलेलाच नाही. जुलैअखेर येणार. बाबा म्हणाले, बरं. मी इतका खूश झालो की चहा टाकायला उठलो. मागून बाबा म्हणाले, सूनबाईने तर पाहिलाय म्हणे.

म्हटलं, तिने पाहिला तो परदेशातला, त्यात शेवट वेगळा असतो.

बाबा माझ्याकडे नुसते बघत राहिले. बराच वेळ. चहा उतू गेला म्हणून वाचलो.

१३ जून
दवाखान्यात मीटिंग होती. बाबा, ताई, बायको, मोठे डॉक्टर. मला नेमकी अकरामजली इमारत आली. लिफ्टमध्ये रेंज नसते. तार, ब्रेक, दरवाजे, प्रत्येक मजल्यावर दोनदा तपासले. पाऊण तासाचं काम, मी नीट करायचं म्हणून चार तास केलं.

घरी आलो तर सगळं ठरलं होतं. आजपासून मशीन बंद. ताई म्हणाली, बाबांनीच डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. तुला तीनदा सांगायला गेले होते म्हणे. म्हटलं, मला कोणी काही सांगितलेलं नाही. या घरात मला कधीच कोणी सांगत नाही. मोठ्याने म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस. आता पाणी हवं तेवढं. बाबांनी भरलेला ग्लास मागितला. दोन्ही हातांनी धरून संपवला, आणि अजून एक मागितला. असं पाणी पिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी मोजून देत होतो ते सगळं पाणी मला आठवलं.

१९ जून, संध्याकाळी ५
मनाचा हिय्या केला. बाबांना म्हटलं, बाबा, शेवटचा भाग आला. लवकर आला. उशा लावल्या, पडदे ओढले, चष्मा पुसून दिला. सुरू केला. सहाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, बंद कर ते. मी बंद केलं. म्हणाले, मला खुनी नकोय. तू बोल.

म्हटलं, काय बोलू? म्हणाले, काहीही.

चार महिने या माणसाच्या शेजारी बसलोय. दोघंही एकाच दिशेला बघत. मला काही म्हणजे काही आठवेना. एकच गोष्ट होती बोलायची, ती घशापर्यंत आली. दुकानदार, फळी, दोन पाकिटं. अकरा वर्षं दर महिन्याला मीच आणत होतो, बाबा. मला वाटायचं, मी तुमची काळजी घेतोय.

तोंडातून निघालं, आज एक नवी लिफ्ट पाहिली. बाबांनी विचारलं, किती मजले? म्हटलं, नऊ. म्हणाले, अच्छा. वाट बघत राहिले. त्यांचा हात चादरीवर माझ्या बाजूला होता. मी म्हटलं, दरवाजे आपोआप उघडतात. म्हणाले, हं.

मग माझा हात रिमोटकडे गेला. बाबांनी तो पाहिला. थोडं हसले, आणि म्हणाले, लाव.

एकविसाव्या मिनिटाला त्यांना झोप लागली. मी तिथेच थांबवून ठेवलं, उद्या पुढे बघू म्हणून.

२२ जून
बाबा झोपूनच आहेत. टीव्ही एकविसाव्या मिनिटावर.

२४ जून
बाबा गेले. सकाळी सव्वासहाला.

५ जुलै
आज घरात कोणी नव्हतं. उरलेला भाग पाहिला. मास्तरला कोणीही मारलेलं नाही. पाय घसरून पडला. बाई पुन्हा तळ्याकडे बघते आणि सिरीज संपते. आठ तास. कोणीच नाही. मी मागे नेऊन दोनदा पाहिलं, काही सुटलंय का म्हणून.

संध्याकाळी ताईचा फोन. बाबा शेवटी कोणाला काय बोलले ते ती एका वहीत लिहून ठेवतेय. तिला म्हणाले होते, तू लहानपणी फार हसायचीस. सूनबाईला म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे. भाऊजींनासुद्धा काहीतरी चांगलं म्हणाले. ताईने विचारलं, आणि तुला रे?

म्हटलं, मला म्हणाले, सगळ्यांना सांभाळ.

ताई म्हणाली, थांब हं, लिहून घेते. पेनचा आवाज फोनवर ऐकू आला. ती रडत होती, म्हणाली, बघ, तुझ्यावर किती विश्वास होता.

खरं इथे लिहितो, ही वही कोणी वाचणार नाही. बाबांनी मला बोल म्हटलं होतं. मी बोललो नाही, म्हणून ते म्हणाले, लाव.

आणि मी लावलं.