पडद्याच्या कडेचा रंग

गुरुवार, ३० जानेवारी

आलो एकदाचा नव्या घरात. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी, जिच्यात मी उभा राहिलो की दुसऱ्याला जागा उरत नाही. टीव्हीचं खोकं जिन्यावरून चढवताना टेम्पोवाल्याने विचारलं की साहेब, जुन्या घराची भिंतच काढून आणलीत का. पलंग परवा यायचाय, गॅस अजून जोडलेला नाही, पण टीव्ही लागला. ताईने फोनवर टोमणा मारलाच, चाळिशी आली तरी तुझी खेळणी सुटत नाहीत म्हणून.

पण टीव्ही माझ्यासाठी नाही, खारूसाठी आहे. खारू म्हणजे माझी मुलगी, वय नऊ. एका जागी बसत नाही म्हणून लहानपणीच हे नाव पडलं. ती आईकडे राहते. दर शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझी. कोर्टाच्या समुपदेशक बाई तीन शनिवारांनंतर घर बघायला येतील आणि तिने माझ्याकडे रात्री राहायचं की नाही ते ठरवतील. भेटींची रोजनिशी ठेवा, चार ओळी का होईना पण खरं लिहा, असं त्यांनी बजावलंय. तर खरं लिहितो. फार दिवसांनी मी खूश आहे.

शुक्रवार, ३१ जानेवारी

दिवे बसवले. टीव्हीच्या पाठीमागे चारही कडांनी दिव्यांची पट्टी फिरते. वर एक अंगठ्याएवढा कॅमेरा आहे, तो वाकून पडद्याकडे बघत राहतो. पडद्याच्या कडेला जो रंग येईल तोच रंग पट्टीचा तेवढा तुकडा मागच्या भिंतीवर टाकतो. समुद्र आला की भिंत निळी, आग लागली की भिंत पेटते. चित्र चौकटीतून सांडल्यासारखं वाटतं. गेम खेळताना तर आपण आतच बसलोय असं होतं.

ॲपमध्ये पडद्याचे चार कोपरे बोटाने ओढून दाखवावे लागतात. सोबतच्या पत्रकात लिहिलंय की कोपऱ्यांवर अचूक ठेवा. मी ते दोन-दोन बोटं बाहेर ठेवले. माझं कामच रंगांचं आहे. जाहिरातींचं, मालिकांचं चित्रीकरण माझ्याकडे येतं आणि मी त्यातले रंग जुळवून देतो. इथली भिंत जरा पिवळट आहे. तो पिवळेपणा कॅमेऱ्याला दिसला तर वजा करता येईल, असा माझा विचार. धंद्यातली खोड, दुसरं काय.

शनिवार, १ फेब्रुवारी

खारू आली. खिडक्यांचे पडदे ओढले, दिवे लावले आणि खारूबाई तीन सेकंद गप्प बसल्या, हा विक्रम आहे. कोल्ह्याला जंगलातून पळवायचा गेम सहा तास चालला. मध्येच तिने पडद्यापुढे हात धरला तर भिंतीवर हाताचा रंग उमटला. मग काय, गेम राहिला बाजूला. पाय धरून झाला, नाक लावून झालं, शेवटी माझं टक्कल.

सहाला तिची आई खाली आली. खारू गाडीत बसेपर्यंत भिंतीबद्दलच बोलत होती. आमच्याकडच्या भिंती बिचाऱ्या नुसत्याच उभ्या असतात, असं तिची आई म्हणाली. पण हसून म्हणाली. ह्याआधी कधी हसली होती ते आठवावं लागेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जेवताना जुना कृष्णधवल सिनेमा लावला. पट्टी राखाडी असायला हवी. होती, पण डावीकडे, माझ्या छातीच्या उंचीला, वीतभर तुकडा तपकिरी. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र ठेवून पाहिलं. बाकी सगळी पट्टी पांढरी आणि तेवढाच तुकडा तपकिरी. कोपरे बाहेर ठेवल्यामुळे भिंतीवरचा एखादा डाग कॅमेऱ्याला दिसत असणार. भिंत पुसली. डाग नव्हता.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कोपरे पत्रकात सांगितल्याप्रमाणे अचूक ठेवले. आता कॅमेऱ्याला फक्त पडदा दिसतो. तपकिरी तुकडा तसाच. म्हणजे भिंतीवर काही नाही, जे आहे ते पडद्यासमोर. मी पडद्यासमोर हात फिरवला. काही नाही. बोटं जरा गार पडली, पण थंडीच आहे.

कामावरचं मोजणीचं यंत्र आणून त्या तुकड्याचा रंग मोजला. आमच्या यंत्राच्या गोलात एक तिरकी रेष असते. माणूस गोरा असो, काळा असो, त्याच्या कातडीचा रंग त्या रेषेवरच पडतो, कारण खालचं रक्त सगळ्यांचं सारखं. चेहरे नैसर्गिक दिसतायत ना हे आम्ही त्या रेषेवरूनच तपासतो.

तुकडा बरोबर रेषेवर पडला. तीनदा मोजला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

खारू मजेत. मी स्वयंपाकघरात सँडविच भाजत होतो तेव्हा ती खिदळत होती. कुणाशी गं, म्हणून विचारलं तर खेळतेय म्हणाली. मी बाहेर आलो तर गेम थांबवलेला, आणि ही पडद्याच्या उजव्या कडेला हात वर करून उभी.

तिला काही सांगितलं नाही. सांगणार काय? आणि तिने घरी जाऊन आईला सांगितलं तर?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वायरमनने पट्टी बदलली, मग कॅमेराही. पांढरं चित्र लावलं. तुकडा आता वरच्या कडेला, मधोमध. टीव्हीमागून पुढे वाकून कुणी बघावं तसा. वायरमन म्हणाला, पट्टी नवी, कॅमेरा नवा, आता बदलायचे तुम्हीच राहिलात. मी हसलो. तो गेल्यावर फार शांत वाटलं, म्हणून रेडिओ लावून ठेवला.

काम हातून नीट होत नाहीये. बसलो की उठतो. एका जाहिरातीतल्या बाईचा चेहरा आज हिरवा करून पाठवला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज दाराआडून पाहिलं.

खारूने पांढरं चित्र लावलं होतं. मी कधी शिकवलं नव्हतं. उजव्या कडेला तिने हात धरला, तिथे तिचा रंग उमटला. तिने हात वर नेला. डावीकडचा तुकडा वर गेला. तिने हात खाली आणला. तो खाली आला, जरा उशिराने.

मी आत आलो तेव्हा ती दचकलीसुद्धा नाही. त्याला ती डावा म्हणते, कारण तो डावीकडे असतो. पहिल्या शनिवारपासून खेळतेय. जरा ढिम्म आहे, पण अजिबात रडीचा डाव खेळत नाही, असं तिने सांगितलं. मी विचारलं की भीती नाही वाटत का. तिने मलाच विचारलं, बाबा, तुला वाटते?

आईला हे सांगू नकोस, असं मी म्हणालो. लिहितानाही लाज वाटतेय.

सोमवार, १७ फेब्रुवारी

समुपदेशक बाई आल्या. सगळं घर पाहिलं, फ्रीज उघडला, खिडक्यांच्या कड्या ओढून पाहिल्या. खारूशी त्या काल तिच्या आईकडे जाऊन एकांतात बोलल्या होत्या. खारूने सांगितलं होतं की बाबाकडे खूप छान वाटतं, तो कामात असला तरी मी एकटी नसते. बाईंना ते फार आवडलं. बापाने इतकं लक्ष दिलेलं क्वचित बघायला मिळतं, म्हणाल्या. शनिवारची रात्र मंजूर.

मी आभार मानले. बाईंची पाठ टीव्हीकडे होती. टीव्ही चालू होता, आणि डाव्या कडेला त्यांच्या खांद्याच्या उंचीवर तो होता.

खरं लिहा, म्हणाल्या होत्या. वही मागतील तेव्हा पानं फाडावी लागतील.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गेला. पट्टी चारही बाजूंनी पांढरीशुभ्र. अर्धा तास बघत बसलो. तुकडा नाही. ताईला फोन करून उगाच गप्पा मारल्या. आवाज किती दिवसांनी माणसासारखा आलाय तुझा, म्हणाली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कॅमेऱ्याला फक्त पडदा दिसतो. हे मला काल सुचायला हवं होतं. तो गेला म्हणजे पडद्यासमोरून गेला. एवढंच.

कॅमेरा उलटा फिरवला, खोलीकडे. मी सोफ्यावर बसलो. पट्टीने खोलीचे रंग घेतले. दाराचा करडा, सोफ्याचा निळा, आणि मधे कातडीचा. मधला रंग माझा, कारण मी तिथेच बसलो होतो.

खात्री करायला उठलो आणि दारापर्यंत गेलो.

मधला रंग उठला नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दिवे, पट्टी, कॅमेरा, सगळं काढून खोक्यात भरलं. खोकं माळ्यावर.

खारूच्या आईला फोन केला. उद्या नको, असं म्हणायचं होतं. पहिली रात्र तूच रद्द केलीस तर पुन्हा मागू नकोस, मी बाईंना तसं कळवीन, असं ती शांतपणे म्हणाली. मी म्हणालो, रद्द कुठे करतोय, ती काय खाईल तेवढं विचारत होतो.

सोफ्यावर बसत नाही. जेवण उभ्याने.

शनिवार, २२ फेब्रुवारी — दुपार

दिवे नाहीत हे बघून खारू रडली. मी म्हणालो, बिघडले. तिने ते मानलं नाही. मग म्हणाली की दिवे नसले तर डावा कुठे उभा आहे ते आपल्याला कळणार कसं?

ह्याचं उत्तर दोन तास शोधलं.

खोकं खाली काढलं. कॅमेरा पडद्याकडे. पांढरं चित्र. तो लगेच आला, डावीकडे. इतकं बरं वाटलं मला. कुठे आहे ते कळलं, ह्याचं बरं वाटलं. माणूस कशाकशावर समाधान मानतो.

— संध्याकाळ, सव्वासात

खारू माझ्याशेजारी सोफ्यावर. पांघरूण घेऊन झोपली. आज लवकर दमली. दिवसभर खेळली नाही, नुसती पडद्याजवळ बसून होती. अगदी जवळ. मागे हो म्हटलं तर म्हणाली, तोच बोलावतोय.

— साडेसात

फोन केला. तिच्या आईला. येऊन घेऊन जा म्हटलं. काय झालं विचारलं तिने. घर बरोबर नाही, एवढंच सांगता आलं. ती म्हणाली, असं लिहून देशील? रात्री राहणं बंद, शनिवारही बंद, कळतंय ना तुला?

कळतंय, म्हणालो. लिहून देतो. तू फक्त ये.

अर्ध्या तासात पोचते म्हणाली.

इथेच लिहून ठेवतो. हे घर मुलीसाठी योग्य नाही. मला माहीत होतं आणि मी लपवलं. समुपदेशक बाईंनी हे पान जरूर वाचावं.

— पावणेआठ

तिला आत्ताच उचलून खाली जायला हवं. पण दार डावीकडे आहे. त्याच्यासमोरून जावं लागेल. तो डावीकडेच आहे, हलत नाही. आहे तिथे राहिला तर बरं. मी नजर काढत नाही. न बघता लिहितोय, ओळी वाकड्या —

पांघरुणाखाली हात घालून तिचा पाय धरून ठेवलाय. उबदार आहे. झोपेत बोटं हलवते.

— आठला पाच कमी

उजवीकडे एक रंग आला. आत्ताच. खाली, लहान. नऊ वर्षांच्या मुलीची उंची —

डावीकडचा मोठा, उजवीकडचा लहान. दोघं रेषेवर. यंत्र नको, मला नुसतं बघून कळतं. वीस वर्षं हेच केलं —

लहान रंग वर जातोय. हात वर करावा तसा. माझ्याकडे. परत वर. घाईघाईने, जशी ती हाक मारताना —

पण ती इथे आहे. पाय माझ्या हातात आहे.

पांघरूण डोक्यापर्यंत आहे. कधी घेतलं डोक्यावर —

गाडी. खाली गाडी थांबली. जिन्यात पावलं.

मोठा रंग उजवीकडे सरकतोय. लहान रंग आता हलत नाही. खारू, मी म्हणालो, मोठ्याने. पांघरुणातून उत्तर नाही —

बेल.

दार उघडायला हवं. पाय सोडतो आणि —

सोडलाय मी. मी सोडलाय, पण माझा हात धरून ठेवलाय —