मोठी बेस आणि घंगाळाची कडी

मी, केवलचंद पूनमचंद गुगळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भांड्यांचा, राहणार नारायणगाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पेनानं आणि दाराला आतून कडी लावून लिहितो आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर माझ्याकडे न बघता सुनेकडे बघत होता, हेही नमूद करतो. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. उलट घरातले सगळे हल्ली माझ्याशी फार गोड वागतात, आणि मला शंका आली ती तिथूनच.

कलम १. राहतं घर आणि पेठेतलं दुकान, मालासह, माझा मुलगा चि. जिनेश यास. दुकान वडिलांनी उभं केलं, मी वाढवलं आणि जिनेशनं त्यात प्लॅस्टिकच्या बादल्या आणल्या. तरीही त्यास.

कलम २. माझी पत्नी कै. सूरजबाई हिचे दागिने सून सौ. सिद्धी हिला. सूरजबाईच्या माहेरचं पितळी घंगाळ मात्र कोणी मोडीत घालू नये. त्याची एक कडी तुटलेली आहे. ती कुठे गेली ते कलम ४ मध्ये येईल.

कलम ३. माझ्याकडे चार बेस गिटार आहेत. मारवाड्याच्या घरात हे खूळ कुठून आलं असं पुष्कळांनी विचारलं, म्हणून एकदाच सांगतो. आमच्या गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. एका फडाच्या ऑर्केस्ट्रात ओतूरचा दादाभाऊ जानकू करगळ बेस वाजवायचा. मेंढरं भावाच्या गळ्यात टाकून फडात गेलेला धनगर. लोकांना गाणारीण ऐकू येत होती, मला हा ऐकू आला. रोज दुकान वाढवलं की मी त्याच्याकडे शिकायला बसायचो. वडील म्हणाले, दिवसभर भांडी वाजवून पोट भरलं नाही का?

पहिली बेस त्याच्याच फडातली जुनी. दुसरी जपानी, तिचे पिकअप, ब्रिज, खुंट्या असं करत करत मी सगळं बदललं, आता लाकूड तेवढं मूळचं आहे. तिसरी बिनफ्रेटची, मानेवर धातूच्या आडव्या काड्या नसलेली. या तिन्ही जिनेशनं वाजवणाऱ्यालाच द्याव्यात. भिंतीला टांगणाऱ्याला देऊ नयेत.

कलम ४. चौथीला घरात सगळे मोठी म्हणतात. पाच तारा, अक्रोडाचं लाकूड, जर्मनीतल्या एकट्या कारागिरानं वर्षभर खपून केलेली. ती आली तेव्हा खुंट्यांजवळची पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात, ती हाडाची होती. परदेशात त्याचं कौतुक असतं. आमच्या जैन घरात हाड उंबऱ्याच्या आत चालत नाही. म्हणून मी घंगाळाची तुटकी कडी घेतली, कापली, घासली आणि पितळेची पट्टी करून बसवली. सूरजबाई म्हणाली, "माझ्या माहेरालासुद्धा वाजवायला लावलंत." ती गेल्यावर मोठीवर बोट ठेवलं की ती घरातच आहे असं मला वाटायचं. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

संग्रह करणारा माणूस मूळचा भाग कधी फेकत नाही. म्हणून हाडाची पट्टी मी दादाभाऊकडे ओतूरला ठेवायला दिली. चूक तिथेच झाली.

गेल्या पावसाळ्यात मला अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात तारा दाबेना. जिनेशनं पातळ तारा आणल्या, त्या मी परत पाठवल्या. हे काय लहान पोरांचं खेळणं आहे? पुढे हात आपोआप चालायला लागला. औषधानं नव्हे, जिद्दीनं.

त्याच सुमारास घरात संशयास्पद गोष्टी घडू लागल्या. जिनेशनं मोठीच्या पट्टीचे, मोजपट्टी लावून, मोबाइलवर फोटो काढले. विचारलं तर "असंच" म्हणाला. असंच कोणी मोजपट्टी लावतं का? दादाभाऊ पूर्वी सणासुदीला यायचा, तो दर आठवड्याला यायला लागला, आणि नेमका माझ्या सामायिकाच्या, म्हणजे आमच्या जैनांच्या रोजच्या ध्यानाच्या, वेळी. सामायिकाला बसलं की वेळ भरेपर्यंत उठता येत नाही, कोणाला दटावता येत नाही. मी आत बसलेला, आणि बाहेर सिद्धी मिक्सर लावायची. मिक्सर थांबला की कानशीचा आवाज. इतक्या आठवड्यांत चटणी काही ताटात आली नाही. त्या सामायिकांत माझं चित्त समतेत राहिलं नाही. ते पाप ज्यांचं त्यांनी वाटून घ्यावं.

मी ब्रिजच्या स्क्रूंवर नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले, कोणी फिरवले तर कळावं म्हणून. ठिपके जागच्या जागी. मग भिंग घेऊन पट्टी बघितली. जन्मभर पितळ विकलं आहे मी. ते पितळ त्या कडीचं नव्हतं. जुन्या पितळेत लाली असते. हे नवं, पिवळंधमक. सूरजबाईची पट्टी कोणीतरी नेली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझा तर्क असा. हाडाची पट्टी दादाभाऊकडे आहेच. आज पितळेची गेली, उद्या पिकअप जातील, आणि एकेक करत माझी मोठी ओतूरला उभी राहील. फोटो काढणारा जिनेश, आवाज झाकणारी सिद्धी, हात चालवणारा दादाभाऊ. सबब मोठी या तिघांपैकी कोणालाही मिळू नये. ती माझा पुण्याचा पुतण्या चि. अंकित यास द्यावी. त्याला बेस आणि सतार यातला फरक कळत नाही, त्यामुळे तो तिला हात लावणार नाही.

कलम ५. वकील हर्षालीताई म्हणाल्या की, ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये. म्हणजे ज्याला काही द्यायचं नाही त्याला खुशाल करावं. म्हणून पहिला साक्षीदार दादाभाऊ. दुसरे शेजारचे दुकानदार भिमाजी.

कलम ६. हे सहीच्या दिवशी वाढवलं आहे.

साक्षीदाराला मजकूर सांगावा लागत नाही. तरी मी कलम ४ मोठ्यानं वाचलं, दादाभाऊच्या तोंडाकडे बघत. तो म्हणाला, "शेठ, सही मागनं करतो," आणि उठून गेला. मी भिमाजींना म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. जिनेश खाली मान घालून बसला. सिद्धीनं चहा केला, तो कोणी घेतला नाही.

दादाभाऊ वडापच्या जीपनं ओतूरला जाऊन परत आला. त्यानं माझ्यापुढे एक छोटी डबी ठेवली. आत कापसात सूरजबाईची पट्टी होती. खाचा जशाच्या तशा.

"मग काढलीस कशाला?" मी विचारलं.

"तुमचा हात दाबंना, शेठ. खाचा खोल केल्या की तार खाली येती, दाबाया हलकी लागती. पर वयनीच्या पट्टीवर कानस चालवाया माजा हात धजला न्हाई. म्हून दुसरी केली. मापं जिनेशनं धाडली."

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुमी वाजवायचंच सोडलं असतं."

हाडाची पट्टी कुठे आहे, हेही मी विचारलं. सवय जात नाही. तो म्हणाला, "ती घरीच ठिवली. वयनीची वस्तू हाडाबरूबर कशी आणू?"

म्हणजे माझा हात बरा झालाच नव्हता. जिद्द वगैरे काही नव्हती, हे तिघं होते. मी सगळ्यांसमोर रडलो, तेही लिहून ठेवतो.

माफी मागायचं कलम मृत्युपत्रात असतं का, असं हर्षालीताईंना विचारलं. त्या नाही म्हणाल्या. मग जे घालता येतं ते घालतो. अंकितची तरतूद रद्द. मोठी माझ्या पश्चात दादाभाऊला द्यावी. मी आहे तोवर त्याचीच पट्टी राहील. मी गेल्यावर त्यानं सूरजबाईची पट्टी परत चढवावी. त्याचा हात धड आहे, त्याला ती उंची जड जाणार नाही. सिद्धीचा मिक्सर रिकामा फिरून जळाला आहे, तिला नवा घेऊन द्यावा.

दादाभाऊ आत्ता बाहेरच्या खोलीत मोठी सुरात लावतो आहे. सह्या झाल्या की मी सामायिकाला बसणार आहे. त्याला म्हटलं, दार उघडं ठेव. तो म्हणाला, "आजून इस्वास न्हाई व्हय, शेठ?" म्हटलं, तसं नाही, बंद दारातून नीट ऐकू येत नाही.

मृत्युपत्र करणार: केवलचंद पूनमचंद गुगळे (सही)

साक्षीदार:
१. दादाभाऊ जानकू करगळ, रा. ओतूर (नाव खोडलं). त्याऐवजी अंबाबाई, भिमाजींच्या पत्नी, रा. नारायणगाव (सही)
२. भिमाजी, रा. नारायणगाव (सही)

स्थळ: नारायणगाव
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

वर एक नाव खोडलं आहे. ती खोडाखोड माझ्याच हातची आहे. शंका नसावी.