अर्धं गाराणं

प्रिय बाबा,

बेहरूझ आज दुपारी फेरीबोटीतून उतरला आणि सरळ आपल्या घरी आला. हातात दिल्लीहून आणलेल्या मिठाईचा पुडा होता. सोप्यातल्या भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो बघितला आणि तो दारातच थांबला. तुझं बारावं आटोपून आठवडासुद्धा झाला नाही. त्याला कळवायचं तरी कुठे?

त्याला होकार मिळाला, बाबा! संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीच्या कचेरीनं त्याला निर्वासित मानलं. आता कुणी त्याला विमानात बसवून इराणला परत पाठवणार नाही. ही बातमी त्याला सगळ्यांत आधी तुला सांगायची होती. ती मलाच ऐकावी लागली, म्हणून लिहायला बसले आहे.

तो पहिल्यांदा आला ते दिवस आठवतात? गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मराठीच्या मोर्च्यात ओरडून ओरडून तुझा घसा बसला होता, आणि घरात येऊन तू पाणी मागत होतास ते कोंकणीत! सुरेशदादा बेळगावच्या कॉलेजातल्या या मित्राला घेऊन आला. म्हणाला, चार दिवस राहील. चार दिवसांचं वर्ष झालं. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की गरम उंडे आणायला आपल्या सगळ्यांच्या आधी तोच धावायचा.

त्याची कथा आपल्याला तुकड्यातुकड्यानं कळली. बेळगावचं शिक्षण संपल्यावर इराणला परतण्याची सोय नव्हती, म्हणून तो युरोपात गेला आणि तिथं आसरा मागितला. त्यांनी नाही म्हटलं. म्हणाले, तुला धोका नाही, तू कामधंद्यासाठी आलास. मग जिथं शिकला त्या आपल्या देशात तो परत आला. व्हिसा संपत आला होता. दिल्लीत अर्ज करायचा शेवटचा रस्ता उरला होता, पण त्याची हिंमत होत नव्हती. एकानं नाकारलेल्याला दुसरा कशाला विचारेल, असं म्हणायचा.

तू त्याला न विचारताच देवळात गेलास. मी तबक धरून सोबत होते. गाराणं घालायचा, गावाचं मागणं देवीपुढे मांडायचा मान आपल्या घराचा, त्यामुळे तुझा आवाज देवीच्या ओळखीचा. गुरवानं कौलासाठी मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. पोरानं दिल्लीला जावं की नाही, एवढाच प्रश्न. उजवी पडली तर हो.

डावी पडली.

तू गुरवाकडे बघितलंस, त्यानं मान खाली घातली. वाटेत मी विचारलं, आता रे? तू म्हणालास, भात कापायला आलंय. पुढे त्या विषयावर एक शब्द नाही!

खरं सांगू? मला तुझा राग आला होता. पणजीतल्या माझ्या नोकरीचा कौल डावा आला तेव्हा तू माझी भरलेली पिशवी परत रिकामी करायला लावलीस. मी रडले, आई रडली, तू हलला नाहीस. देवीनं ना म्हटल्यावर ना, म्हणालास. तेव्हा मला वाटलं, आता बिचाऱ्या बेहरूझचंही तेच होणार.

पण दोन दिवसांनी संध्याकाळी, खळ्यात भात झोडून झाल्यावर, तू त्याला जवळ बसवलंस आणि विचारलंस, तिथं युरोपात साहेबासमोर तू काय काय सांगितलंस?

पेंढ्याची काडी मोडत तो सांगू लागला. तिथला दुभाषी त्याच्याच देशाचा होता. तो कुणाचा माणूस, कुणास ठाऊक! आपण बोललेलं तिकडच्या सरकारपर्यंत पोचलं तर घरच्यांचं काय? म्हणून बेहरूझ आपण भोगलेल्या तुरुंगाबद्दल बोलला नाही. भावाला नेलं आणि तो परत आला नाही, हेही नाही. भीती वाटते, एवढंच सांगून उठला.

तू म्हणालास, "पुता, तांणी ना म्हळें तें तुका न्हय. तुज्या अर्द्या गाराण्याक."

मग तू त्याला शिकवायला लागलास. गाराण्यात आधी आपण कोण ते सांगायचं, मग कूळ, गाव, मग झालं ते सगळं. लाज वाटते तेही. आणि आधी लपवलं असेल तर का लपवलं, तेही. तो तोडक्या कोंकणीत म्हणायचा आणि तू प्रत्येक वाक्याला गावकऱ्यांसारखा "व्हय म्हाराजा" म्हणायचास. आई आत हसत होती. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण डावी पाकळी मी बघितली होती.

दिल्लीत त्यानं दुभाषी नको म्हणून सांगितलं. इंग्रजीतच बोलला, अडखळत, पण सगळं. आधी युरोपात हे का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलंच. त्याचंही उत्तर त्यानं दिलं.

मघाशी चहा घेताना तो म्हणाला, उद्या देवळात जाऊया, बाबांनी माझ्यासाठी कौल घेतला असणारच, देवीचे आभार मानायचे आहेत. त्याला काय सांगू, बाबा? माझ्या वेळी तुला ही हिंमत का झाली नाही, हे तुलाच विचारायचं होतं. कदाचित मला पणजीहून परत पाठवलं असतं तर मी घरीच आले असते. त्याला परत पाठवलं असतं तर तो कुठे गेला असता, हे तू मनात ताडलं असशील. हे कळतं मला. तरी थोडा राग आहेच, तो राहू दे.

उद्या सकाळी मी त्याला देवळात नेईन आणि देवीसमोरच सांगेन, की हिनं नाही म्हटलं होतं, आणि माझ्या बाबानं आयुष्यात एकदाच हिचं ऐकलं नाही, ते तुझ्यासाठी. देवीला त्या गोष्टीचा राग आला असेल तर, बाबा, तुझ्या वतीनं गाराणं मी घालीन. बायकांनी ते घालायचं नसतं, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
शालन