विरघळणारी जाळी

बीरगांव, रायपूर

ती. आईस,
दयारामचा सविनय जय भीम.

काम नीट पार पडलं. आवळलेल्या अन्ननळीत डॉक्टरांनी तोंडातूनच जाळीची बारीक नळी बसवली, कुठे चिरावं लागलं नाही. कॅन्सर नाही, जुन्या आम्लपित्तानं झालं आहे, हे त्यांनी पुन्हा सांगितलं.

बाबांची राख सावडताना त्यांच्या पायातली सळई तुझ्या हाती लागली. तेव्हापासून तुला शरीरातल्या धातूची धास्ती आहे, म्हणून मी विचारलं, "ही जाळी कधी काढणार?" डॉक्टर हसले. "काढायची नाही, भैया. मॅग्नेशियमची आहे. अन्ननळी मोकळी राहायला शिकली की जाळी आपोआप विरघळते. तुमच्या ज्वारीतही हेच असतं." म्हणजे तू ते मला लहानपणापासून चारतेच आहेस.

उपचार नवा आहे, अजून पारखून पाहताहेत, म्हणून माझी सही घेतली. पुढे अन्ननळी पुन्हा आवळू शकते, हेही सांगितलं. पण काल मी पातळ खीर गिळली. तुझी सून नीलिमा समोर बसून दटावत होती, "हळू घ्या! काहून घाई करून राहिले? गाडी सुटून राहिली का?" आणि स्वतःच रडत होती.

इतके दिवस लाळही गिळवत नव्हती. आज सकाळी मध्येच थुंकायला न उठता त्रिसरण-पंचशील पूर्ण म्हटलं.

तुझे गुडघे कसे आहेत? नवी ज्वारी घरात येईल तोवर जाळी विरघळलेली असेल. तेव्हा येतो. भाकरी नेहमीसारखीच कर, माझ्यासाठी दुधात कुस्करू नकोस.

तुझा,
दयाराम