मी नुसता हात दिला

१४ जानेवारी २००२, सोमवार. संक्रांत.

आणि हा कुठला कायदा? पडलेल्या पोराला हात दिला तर समोरच्याला पॉइंट? उद्या कोणी विहिरीत पडला तर आधी पंचाला विचारायचं काय, काढू का म्हणून? कालपासून डोकं तापलंय ते उतरत नाय. लाडू वळताना दोन हातातच फुटले.

साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या, रोज चार ओळी लिहा म्हणजे अक्षर विसरणार नाय. तर लिहिते. पुढे पुरावा म्हणून कामाला येईल.

नाते गावची कबड्डी. सेमी फायनल. आमची करंजमाळ आणि समोर सव गाव. वेळ संपली तेव्हा अठरा-अठरा. मग पाच-पाच चढाया दिल्या. सवच्या पाच झाल्या, आमच्या चार झाल्या, तरी पॉइंट सारखेच. शेवटची चढाई आमच्या जितेशची. जितेश माझ्या दिराचा मुलगा. एक गडी मारला की फायनल. पोराने कोपऱ्यातला गडी मारला, वळला, तोच चौघांनी धरला. आडवा पडला तरी तोंडात कबड्डी कबड्डी चालूच. हात लांब केलेला. मधली रेघ इथे, बोटं इथे.

मी तिथेच कडेला बसलेली. गेले, हात धरला, ओढला. बस. एवढंच.

पंच म्हणे, बाहेरची बाई मैदानात शिरली, चढाई बाद, टेक्निकल पॉइंट सवला. बाहेरची! बारा वर्षं टेम्पोत ड्रायव्हरच्या बाजूला बसून जाते मी या पोरांबरोबर. निघताना काळकाईचा अंगारा माझ्या हातचा, भाकऱ्या माझ्या हातच्या. आणि शिरली काय? शिरतात ती गुरं. मी गेले.

एका पॉइंटने हरलो.

आजपासून कबड्डी बंद. बघणार नाय, बोलणार नाय, पोरांना एक भाकरी देणार नाय. सवशी संबंध तोडला.

१५ जानेवारी

सव सोडून सगळ्यांना तिळगूळ दिला. नणंद तुळसा सवलाच दिलेली हाय, तिचे लाडू डब्यात राहिले. राहू देत.

जितेश पाया पडायला आला. उजवं कोपर केवढं सुजलंय. सवच्या चौघांचं काम. मी हळद लावली आणि त्यांच्या सात पिढ्या काढल्या. पोर म्हणतं, काकी, त्यांनी पाय धरलेले गो. हात कोणी धरलाच नव्हता. म्हणजे, त्यांच्यातल्या कोणी.

धक्क्याने पोराला नीट आठवत नाय.

१७ जानेवारी

अर्ज लिहिला. सामना परत घ्यावा. पंचाला घरी बसवावं. आणि लाऊडस्पीकरवरून जो ओरडला की हिरव्या साडीतल्या मावशींनी गड्याचा हात सोडावा, त्याने त्याच लाऊडस्पीकरवरून माफी मागावी.

ह्यांना वाचायला दिला. वाचून म्हणाले, अक्षर चांगलं आलंय. पंचाच्या जागी फक्त दुसरं नाव घाल. कोणाचं विचारलं तर उठून बैल सोडायला गेले. बैल सकाळीच सोडलेले.

२० जानेवारी, रविवार

देवळात मंडळाची मीटिंग. बायांना बोलावणं नव्हतं, म्हणून मी लवकर जाऊन पुढे बसले. गोमाजी अध्यक्ष. तो बराच वेळ खाकरला. मग म्हणतो, वहिनी, यंदा तुम्ही जरा आराम करा. बारा वर्षं लय धावपळ झाली. टेम्पोने पायाला त्रास होतो.

बघा, माणसाला काळजी असते, बोलता येत नाय. मी सांगितलं, भावजी, पाय एकदम ठणठणीत हायत, कुठेही न्या. तर पोरं खाली माना घालून हसायला लागली. तो सुकटा रामा म्हणाला, काकी, त्या पायांचंच तर भ्या वाटतं.

अर्जावर सही मात्र कोणी केली नाय. पेन चालत नव्हतं म्हणे. सात जणांचं पेन चालत नव्हतं.

२३ जानेवारी

सव शरण आलं!

तुळसा दुपारच्या एसटीने आली. पिशवीत नारळ आणि खण. म्हणाली, वहिनी, आमच्या मंडळाने मुद्दाम तुमच्यासाठी पाठवलाय. आमची पोरं म्हणतात, सात गडी आम्ही होतो, आठवा गडी करंजमाळवरून आलेला, त्याचा मान राहिला.

मी म्हटलं, चूक कळली ना, झालं. माणसाने मोठं मन ठेवावं. खण घेतला, ओटी भरून घेतली, डब्यातले लाडू दिले. संबंध तोडलेला तो परत जोडला. ह्यांच्या नाकातून चहा आला. विचारलं काय झालं, तर म्हणे ठसका. तुळसाला पण त्याच वेळी ठसका लागला. भावाबहिणींना एकदम ठसका लागतो हे मी आजच पाहिलं.

खण चांगला हाय. मोरपंखी.

२५ जानेवारी

उद्या पोलादपूरला सव्वीस जानेवारीचे सामने. मला न घेता निघालेत. जाऊ देत. मी नाय तर अंगारा नाय, अंगारा नाय तर पहिल्याच फेरीत घरी. दुपारी तोंडं पाडून येतील, तेव्हा मी काही बोलणार नाय. नुसती बघेन.

२६ जानेवारी

पहाटे चाळीस भाकऱ्या झाल्या. पीठ जास्त मळलं गेलं. टाकायच्या कशा, म्हणून टेम्पोत ठेवल्या. सुकट पण जास्त झालेली, ती पण ठेवली. ड्रायव्हरच्या बाजूला कोण बसलंय पाहिलं. ताशा बसलाय. माणूस नाय, ताशा.

दुपार झाली, आली नाय. तीन वाजले, आली नाय. ह्यांनी विचारलं, खळ्यात उभी राहून वाट कुणाची बघतेस? म्हटलं, कोंबड्या मोजते.

संध्याकाळी घाटाखालून हॉर्न. गुलाल. कप आणला. फायनल अकरा पॉइंटनी मारली म्हणे.

कप लहानच हाय. आणि जिंकले ते माझ्या भाकरीवर, हे कोणी बोलत नाय.

३० जानेवारी

आज देव पावला. कळलं की नात्याच्या सेमीचं शूटिंग झालंय. महाडचा लग्नाचं शूटिंग करणारा होता तिथे. हे आधी का नाय सुचलं? कॅसेट म्हणजे पक्का पुरावा. तिथे ना पंचाचं चालत ना गोमाजीचं.

स्वतः महाडला गेले. शूटिंगवाल्याने मला पाहिलं आणि लगेच कॅसेट काढून दिली. म्हणतो, मावशी, तुम्हीच ना त्या? माझ्या दुकानात रोज बघतात लोक. पैसे नकोत.

नाव झालंय माझं. कामाच्या माणसाला लोक ओळखतात.

३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

आज दुपारी तीन वाजता गोमाजीच्या पडवीत कॅसेट लावायची. टीव्ही त्याचा, व्हिडिओ जितेशने कंपनीतल्या मित्राकडून आणलाय. मी स्वतः घरोघर सांगून आले. म्हातारी बनुबाई येत नव्हती, तिला पाटावर बसवून आणायची व्यवस्था केली. एक माणूस राहता कामा नये. साडी तीच हिरवी नेसणार, म्हणजे ओळखायला सोपं.

बघून झाल्यावर गोमाजीने सगळ्यांसमोर माफी मागावी. मी लगेच माफ करणार नाय. जरा वेळ घेईन.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

बघितली.

लिहायला काही विशेष नाय.

४ फेब्रुवारी

नाय तर नाय, लिहितेच.

जितेशची बोटं रेघेच्या पलीकडे गेलेली. चार बोटं, स्पष्ट. पंचाचा हात आमच्या बाजूने वर जायला लागलेला. शिट्टी तोंडात. आम्ही जिंकलेलो. आणि मग उजवीकडून हिरवी साडी आली.

हात धरला आणि ओढला, तो पण रेघेकडे नाय, माझ्याकडे. जितेश, त्याला लटकलेले सवचे चौघे, सगळी माळ मैदानाच्या बाहेर. कोपर कसं सुजलं तेही दिसलं. चौघांतला एकजण तर मलाच हात जोडत होता.

मग बनुबाई म्हणाली, परत लाव रे, मला नीट दिसलं नाय. परत लावली. चार वेळा मागे घेऊन लावली. दर वेळी मला वाटायचं, आता तरी ही बाई जागेवर बसेल. चारही वेळा गेलीच.

पाचव्या वेळी मीच ओरडले, बस गो खाली! तेव्हा जे हसले, ते पार खालच्या वाडीत ऐकू गेलं असेल. गोमाजी डोळे पुसत होता. मी पण हसले. थोडी. नंतर बरीच.

निघताना जितेश बरोबर आला. म्हटलं, रे, मला तेव्हाच का नाय सांगितलंस? म्हणतो, सांगितलं ना काकी, पंधरा तारखेला. तू हळद लावत होतीस आणि शिव्या देत होतीस.

आज खळ्यात पोरांचा नवीन खेळ. एक जितेश, चार सव, आणि शेवटी एकजण टॉवेल गुंडाळून धावत येतो. टॉवेल गुंडाळायला भांडण चाललंय.

तरी कॅमेरा जरा तिरका होता.

५ फेब्रुवारी, मंगळवार

येत्या शनिवार-रविवारी पाचाडची कबड्डी. जिल्ह्याच्या संघाची निवड करणारी माणसं येणार हायत, म्हणजे जितेशची खरी परीक्षा तिथेच. आणि मी घरी? या पोराने पहिली चढाई केली तेव्हा चड्डी ढिली होती, ती मी सुतळीने बांधलेली. मला घरी बसवत नाय. एकदा बसून बघितलं.

गोमाजीला चिठ्ठी द्यायची. खाडाखोड नको, म्हणून आधी इथे लिहिते.

गोमाजी भावजी यांस,

सामना परत घ्या म्हणून केलेला अर्ज मागे घेते. पंच चांगला माणूस होता.

मला पाचाडला यायचंय. ड्रायव्हरच्या बाजूला ताशा बसू दे. मी मागे पोरांत बसेन. पोरांना नको असेल तर फळीला टेकून उभी राहीन. मैदानाच्या रेघेपासून दहा हात लांब बसेन. बरं, वीस. तोंडाने काही बोलणार नाय. हे कठीण हाय, पण पदर तोंडात धरेन.

बाकीचं मी जपेन, पायांची खात्री देत नाय. कॅसेट तुम्ही पण बघितली. म्हणून जितेश चढाईला गेला की दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरावं. रामा नको, तो सुकटा हाय, त्याला घेऊन मी आत जाईन. चांगली जड माणसं बघा, आणि त्यांना आधी पोटभर खायला घाला.

नेणार की नाय, आणि धरणार कोण, दोघांच्या नावासकट जबाब मला गुरुवारी दुपारची एसटी सुटायच्या आत पाहिजे.